वाघाच्या नाकातील मजकूर

तहसील कचेरीत बत्तीस वर्षे कारकुनी करून, त्यांतील अखेरची नऊ अव्वल कारकून या हुद्द्यावर काढून, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले वाचण्यात आणि वाचलेले पुन्हा स्वच्छ अक्षरात लिहून काढण्यात आयुष्याची सारी उमेद खर्ची घालून मी सेवानिवृत्त झालो आणि मुलाच्या नोकरीच्या गावी, मुकुटबनास, येऊन राहिलो, तेव्हा माझी अशी प्रामाणिक समजूत होती की यापुढे माझ्या हाती जो कागद येईल तो फार तर चिवड्याच्या पुड्याचा असेल. गाव निवृत्त माणसाच्या प्रकृतीस मानवणारे आहे. एका अंगाला सिमेंटचा कारखाना, दुसऱ्या अंगाला पऱ्हाटीची आणि तुरीची शेते, माजरीहून अदिलाबादेस जाणारा लोहमार्ग, थोड्या अंतरावर तेलंगणाची सीमा, आणि बाजाराच्या दिवशी मराठी, तेलुगू, गोंडी व कोलामी या चार भाषांत चाललेली एकाच टोपलीभर वांग्यांची घासाघीस. ती ऐकत उरलेले दिवस काढावेत, असा माझा बेत होता. तो नातीच्या वाचनपाठाने उधळला.

नात दुसऱ्या इयत्तेत आहे. दप्तर हा शब्द कचेरीत आणि शाळेत एकच असला तरी कचेरीतले दप्तर शिपाई उचलीत असे आणि शाळेतले उचलण्याचे काम माझ्याकडे आले, हा फरक मी पहिल्याच दिवशी ध्यानात घेतला होता. दुसरा फरक सावकाश कळला. कचेरीच्या दप्तरात जे असे ते निदान एकदा कोणीतरी वाचीत असे. शाळेच्या दप्तरातील पुस्तकात पाठ असतो, पाठाखाली स्वाध्याय असतो, आणि त्याच्याही खाली 'उपक्रम' या मथळ्याची एक चौकट असते. प्रकरणाला खरा रंग भरतो तो या चौकटीपासून. पात्राचा मुखवटा करा, पाठातील शब्दांची आगगाडी करून भिंतीवर लावा, गोष्टीचा शेवट बदला, प्रसंगाचे नाट्यीकरण करा, अशा आज्ञांनी ती भरलेली असते, आणि तेवढ्यानेही समाधान न होऊन बाईंच्या कल्पकतेची पुरवणी तिला जोडली जाते. मला त्यात माझ्या जुन्या व्यवसायाची खूण तत्काळ पटली. पाठ हा मूळ अर्ज. उपक्रम ही त्याची जोडपत्रे. मूळ अर्जात काय मागितले आहे हे कोणी पाहिले नाही तरी चालते, परंतु जोडपत्रांतील एक जरी कमी असले तरी अर्ज दाखल होत नाही.

रात्री साडेआठच्या सुमारास पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर हुकूम उतरतो. त्याची भाषा मोठी सरकारी असते: "उद्या येताना खालील साहित्य आणणे." मुलगा तो वाचून सुनेकडे पाठवितो, सून तो वाचून माझ्याकडे पाहते आणि, "मामाजी, हे तुमच्याकडे," असे म्हणून प्रकरण वर्ग करते. यात शिक्षिकाबाईंचा दोष मी यत्किंचित मानीत नाही. त्यांच्या वर केंद्रप्रमुख आहेत, केंद्रप्रमुखांच्या वर गटशिक्षणाधिकारी आहेत, आणि त्या सर्वांच्या वर उपक्रमाचे छायाचित्र आहे. मूल मनातल्या मनात वाचीत असेल तर त्याचे छायाचित्र कसे दिसणार? झोप लागल्यासारखे दिसते. मुखवटा घातलेले मूल मात्र कोणत्याही कोनातून शिकत असलेले दिसते.

पहिले प्रकरण सशाचे आले. पाठात ससा होता. कापूस चिकटवून त्याचे चित्र करावयाचे होते. हिवाळ्याचे दिवस, वेचणी चाललेली, भाव चढेल या आशेने शेजाऱ्याने ओसरीपासून माजघरापर्यंत कापूस कोंबून ठेवलेला. मला वाटले, यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्या मुलाला यापेक्षा सोपा उपक्रम कोणता असावा? ओंजळभर कापूस मागून आणला आणि चिकटविला. परंतु शेतातल्या कापसात सरकी असते, ही गोष्ट पुस्तककर्त्याने लक्षात घेतली नव्हती, आणि खरे सांगावयाचे तर मीही घेतली नव्हती. परिणामी आमच्या सशाला गोवर निघाल्यासारखे दिसू लागले. नात रडली. शेवटी सून औषधाच्या दुकानात गेली आणि निळ्या कागदात गुंडाळलेली शुभ्र कापसाची गुंडाळी घेऊन आली. हा कापूस कदाचित आमच्याच शिवारातून बैलगाडीने निघाला असेल, वणीच्या जिनिंगात सरकीपासून वेगळा झाला असेल, गठाणीत बांधला जाऊन कोठल्याशा दूरच्या कारखान्यात धुतला गेला असेल, आणि दहापट किंमत अंगावर चढवून पुन्हा आमच्याच गावात, आमच्याच सशासाठी, हजर झाला असेल. या प्रवासावर एखादा पाठ असता तर त्याचा उपक्रम मी न कुरकुरता केला असता. ससा उत्तम वठला. तो वाळत ठेवल्यावर मी नातीस सहज विचारले, "मग पाठात त्या सशाने काय केले?" ती क्षणभर विचारात पडली आणि म्हणाली, "फेविकॉलनं चिकटला."

हाताला काम दिल्यावाचून डोक्यात विद्या शिरत नाही, हा विचार आजचा नव्हे, आणि सातासमुद्रापलीकडचा तर नव्हेच नव्हे. आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात, वर्ध्यास, २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून डॉक्टर झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली. या समितीने शाळेच्या साडेपाच तासांची जी वाटणी सुचविली ती कोणाही महसुली माणसाने डोळे भरून पाहावी अशी आहे: मूलोद्योगास तीन तास वीस मिनिटे, मातृभाषेस चाळीस मिनिटे, संगीत, चित्रकला आणि गणित या तिघांस मिळून चाळीस, समाजशास्त्र व सामान्य विज्ञानास तीस, शारीरिक शिक्षणास दहा आणि मधल्या सुटीस दहा. बेरीज बरोबर येते. मी करून पाहिली. ती खोड अजून सुटलेली नाही. मातृभाषेहून उद्योगाला पाचपट वेळ देणारी ही योजना वरवर पाहता आजच्या उपक्रमांची आजी वाटेल, परंतु आजीच्या आणि नातीच्या स्वभावात एक मोठा भेद आहे. त्या योजनेत सूत हे सूत म्हणून उपयोगी पडावे, त्याचे कापड व्हावे, ते अंगावर यावे, आणि ते काढता काढता कापूस, हवामान, हिशोब, भाषा हे सारे शिकून व्हावे, अशी अपेक्षा होती. मुखवटा घालून कोणी बाजारात जात नाही.

त्या योजनेचा अवशेष म्हणून साठ-पासष्ट वर्षांपूर्वी वणीकडील आमच्या खेड्यातील शाळेत टकळी शिल्लक होती. मूळ तत्त्व विरून गेले होते, तास मात्र उरला होता; तत्त्वाच्या मागे तास उरणे ही कोणत्याही खात्यात सर्रास घडणारी गोष्ट आहे. आम्ही पेळू घेऊन ओळीने बसत असू. माझे सूत इतके गाठाळ आणि इतके तुटके निघे की सहा महिन्यांच्या माझ्या श्रमाची अखेरीस एकच वात झाली आणि ती आईने तुळशीपुढे लावली. गुरुजींचा एक दंडक असा होता की ज्याचे सूत तुटेल त्याने टकळी खाली ठेवून उभे राहावे आणि इतरांचे सूतकाम चालू असेपर्यंत पुस्तकातील गोष्ट मोठ्याने वाचावी. ही शिक्षा होती. ज्यांची बोटे कसबी होती ती मुले वर्षभर मान खाली घालून उत्तम सूत काढीत राहिली आणि मी, वर्गातील सर्वांत नालायक सूतकताई करणारा, उभ्या उभ्या सारे पुस्तक वाचून संपविले. पुढे पुढे गोष्ट रंगात आली असेल आणि वाचणारा अडखळत असेल, तर मी सूत मुद्दाम तोडीत असे. माझ्या अव्वल कारकुनीचे मूळ त्या तुटक्या धाग्यात आहे, हे मी कचेरीत कधी कोणाला सांगितले नाही.

साधनांचा प्रश्नही जुनाच आहे, आणि तो ज्यांनी निकालात काढला त्या बायका आमच्या पुस्तककर्त्यांपेक्षा कितीतरी व्यवहारी होत्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचा जो संसार मांडला, त्यात माँटेसरीबाईंच्या महागड्या पेट्यांची जागा खडे, शिंपले, बिया आणि पाने यांनी घेतली. आणि जे मूल गुरे सोडून शाळेत येऊ शकत नव्हते त्याच्यासाठी त्यांनी शाळाच कुरणात नेली आणि तिचे नावही कुरणशाळा असेच ठेवले. ताराबाईंच्या वर्गात कापसाचा ससा करावयाचा प्रसंग आला असता तर त्यांनी तो सरकीसकट करविला असता आणि वर सरकी मोजावयास लावली असती, असा माझा तर्क आहे.

आता तर आनंदही परिपत्रकाने पोहोचतो. शनिवार आनंददायी करण्यात आला आहे. १५ ऑक्टोबर, म्हणजे डॉक्टर अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी प्रभातफेरी निघते, ग्रंथदिंडी निघते, पुस्तकाच्या आकाराची रांगोळी निघते, आणि एवढे सर्व निघाल्यावर कपाटातून पुस्तक निघावयास वेळ राहत नाही. हे मी उपहासाने म्हणत नाही. दिंडीत आमची नात पालखीच्या पुढे होती आणि तिने नेसलेले लुगडे मीच खांद्यावर टाचणीने टाचून दिले होते.

दुसरे प्रकरण भोपळ्याचे. पाठ त्या म्हातारीचा होता, जी लेकीकडे जाऊन तूपरोटी खाऊन लठ्ठ होते आणि परतीच्या वाटेवर वाघ-कोल्ह्यांना चुकविण्यासाठी भोपळ्यात बसते. हुकूम आला: भोपळा आणणे. मी बाजारातून चांगले पिवळेधमक, फाकी फाकींचे फळ निवडून आणले आणि नातीपुढे ठेवले. तिने त्याच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि अपराध पोटात घालणाऱ्या वरिष्ठाच्या सुरात म्हणाली, "आबाजी, हे त कोहळं होय. मॅडमनं भोपळा सांगितला." तिचे म्हणणे बिनतोड होते. आमच्याकडे त्या फळाला कोहळेच म्हणतात. पुस्तकातला भोपळा हा पुण्याकडचा. चित्र दाखवून, पुण्याचा भोपळा आणि मुकुटबनचे कोहळे ही एकाच इसमाची दोन नावांनी केलेली खातेफोड आहे, असे मी तिला पटवून दिले आणि कोहळ्यासह तिची रवानगी केली.

संध्याकाळी ती जी हकीकत घेऊन आली ती ऐकून मला त्या वर्गात नसल्याचा पश्चात्ताप झाला. भोपळा म्हणजे दुधी, अशा समजुतीने चार घरांनी दुधी पाठविला होता. एका तेलुगू घरातून आलेल्या मुलाने हे गुम्मडी आहे असे सांगितले. पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, येणाऱ्या एका मुलीने कोलामीतला शब्द सांगितला, तो नातीने मला तीनदा उच्चारून दाखविला आणि मला एकदाही जमला नाही. ज्या भाषेचे व्याकरण कॅलिफोर्नियातील एमेनो नावाच्या पंडिताने १९५५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, तिच्यात कोहळ्याला काय म्हणतात हे, जवळच्या पोडावर ती रोज बोलली जात असता, माझ्या कानांना ठाऊक नव्हते. मग वर्गात प्रश्न असा निघाला की म्हातारी दुध्यात मावली असती काय. एक पक्ष म्हणे, आडवी निजली तर मावेल. दुसरा पक्ष म्हणे, जाताना मावेल, येताना लठ्ठ होऊन आली आहे, तेव्हा मावणार नाही. दुधी कसा गडगडेल, यावर एकाने तो प्रत्यक्ष गडगडवून दाखविला आणि तो बाकाखाली गेला. शेवटी बाईंनी सांगितले, पुस्तकात काय लिहिले आहे ते बघा. आणि चौतीस मुलांनी, कोणी जोडाक्षराशी झटापट करीत, कोणी बोट ठेवून, भोपळा गोल होता की लांब होता एवढ्याच एका गोष्टीचा छडा लावण्यासाठी तो पाठ पहिल्या ओळीपासून वाचून काढला. पुस्तकात तसे काही लिहिलेलेच नव्हते! म्हणून त्यांनी तो पुन्हा वाचला. या गडबडीत ठरलेली कलाकृती राहिली आणि छायाचित्र कोणी काढले नाही. त्यामुळे त्या दिवशी त्या वर्गात काही झाले, याचा कागदोपत्री पुरावा नाही. कोहळे तसेच परत आले. आम्ही ते तीन दिवस खाल्ले.

छायाचित्राची ती तूट भरून काढण्यासाठीच बहुधा, पुढच्या आठवड्यात त्याच पाठातील वाघाचा मुखवटा करून आणावयाचा हुकूम निघाला.

वाघ हा आमच्या भागात पुस्तकातून शिकावयाचा प्राणी नव्हे. शेजारच्या केळापूर तालुक्यात टिपेश्वरचे अभयारण्य आहे, आणि तेथील वाघ हद्दीच्या बाबतीत तलाठ्याचा नकाशा मानीत नाहीत. त्यांतील एक तर २०१९ च्या जूनमध्ये घर सोडून निघाला आणि गळ्यात पट्टा असल्यामुळे त्याच्या पावलापावलाची नोंद होत असता, शेते, नाले, महामार्ग ओलांडीत, तेराशे किलोमीटरांहून अधिक चालून त्या वर्षाअखेर बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. ज्ञानगंगा गाठण्यासाठी एवढी पायपीट करणारा विद्यार्थी मी अन्य पाहिला नाही. आमच्या मुलांच्या तर ती दारात येऊन उभी राहते आणि येताना कार्डशीट आणावयास सांगते.

मुखवट्याची कृती गटावर आली होती. फुगा फुगवावा, रद्दी वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडून मैद्याच्या खळीत बुडवाव्यात, त्या फुग्यावर थरावर थर चिकटवाव्यात, लगद्याचे नाक आणि कान बसवावेत, वाळल्यावर रंग द्यावा. कृतीत सात पायऱ्या होत्या आणि मुदत एका रात्रीची होती. सुनेने खळ शिजविली, मी पट्ट्या फाडावयास बसलो आणि नात चिकटवावयास बसली. कामाची वाटणी चांगली झाली होती. दोन थर झाले, कान बसले, आणि एक प्रशस्त नाक, थोडेसे माझ्या वळणावर गेलेले, मध्यभागी उभे राहिले. तिसऱ्या थराच्या वेळी मी पट्टी पुढे केली आणि ती कोणी घेईना. मी चष्म्यावरून पाहिले. नात आधी दिलेली पट्टी दोन्ही हातांत ताणून धरून बसली होती, खळीचे थेंब फ्रॉकवर पडत होते, आणि तिचे ओठ हलत होते.

"शि-वा-रा-ती-ल वि-हि-रीत पड-लेल्या बिब-ट्यास बा-हेर..." ती थांबली. मग पुन्हा मागून सुरू केले, आणि या खेपेस जरा वेगाने, अशी ती पट्टीच्या टोकापर्यंत आली: वन विभागाने दोरखंड बांधून विहिरीत बाज सोडली, गावकऱ्यांची गर्दी झाली, मात्र बिबट्याने...

"मात्र बिबट्यानं काय, आबाजी?"

पट्टी तेथे फाटली होती. फाडणारा मी होतो.

एका प्रकरणाचा उरलेला कागद दुसऱ्याच प्रकरणात सापडतो, हा बत्तीस वर्षांचा अनुभव गाठीशी असल्यामुळे मी प्रथम शिल्लक पट्ट्यांची छाननी केली. त्यांत बिबट्या नव्हता. नातीने बोट वाघाकडे केले. मी तिला समजावून पाहिले की नाक ओले आहे, सकाळी आठला शाळा आहे, बिबट्या कधीचाच बाहेर निघाला असणार; पण ती म्हणाली, "तुम्हाला काय माहीत? तुम्ही वाचलं का?" या युक्तिवादास माझ्याजवळ उत्तर नव्हते. नाक उकलण्यात आले. पहिल्या पट्टीत कापसाची आवक आणि दर निघाले. ते तिने वाचले. दुसरीत एका बांधकामाची जाहीर निविदा निघाली. तीही तिने, मी जन्मभर ज्या शब्दांवरून डोळे मिटून पुढे जात आलो त्यांवर अडखळत आणि एकेकाला उचलून बघत, वाचली.

"अनामत रक्कम म्हणजे काय?"

"काम नीट करीन, मध्येच सोडून जाणार नाही, असे म्हणून आधी ठेवावयाचे पैसे."

तिने थोडा विचार केला. "बाज सोडणाऱ्यांनी ठेवले होते का?"

मी डावा कान सोडविला. त्यात बिबट्याची शेपटी लागली: बाजेवर उडी घेतली, परंतु दोर अर्ध्यावर आला असता गर्दीच्या गलक्याने बुजून पुन्हा... येथे खळीने अक्षरे फुटली होती. आम्ही ती पट्टी दिव्यासमोर धरली, उलटी धरली, तिच्यावर फुंकर घातली. ओसरीवर ओल्या कागदांची मांडामांड झाली होती, जुन्या जमाबंदीचे कुजलेले कागद उन्हात पसरावेत तशी. फुगा एका कोपऱ्यात जाऊन पडला होता आणि वाघाच्या चेहऱ्यापैकी एक गाल आणि उजवा कान एवढेच काय ते शिल्लक होते. दहा वाजून गेले असावेत. आतून सुनेचा आवाज आला, "मामाजी, वाघ झाला का? फोटो पाठवायचा आहे."

"थांब न आई," नात मान वर न करता म्हणाली, "बिबट्या अजून विहिरीतच आहे," आणि तिने उजव्या कानाला हात घातला.